घर बदललं, आता मत कुठे?

प्रश्न: तीन महिन्यांपूर्वी आम्ही भाड्याच्या घरात राहायला आलो. इथल्या वॉर्डात मत द्यायचं तर सहा महिने राहावं लागतं, असं सोसायटीत सांगतात. खरं का?

उत्तर: नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० मध्ये दिवस-महिन्यांची अशी अटच नाही. तुम्ही तिथले 'सर्वसाधारण रहिवासी' असलात की पुरे. घर भाड्याचं असलं तरी बिघडत नाही. उलट नुसती घराची मालकी म्हणजे रहिवास नव्हे, असं कायदाच म्हणतो. आजच नमुना ८, म्हणजे मतदार यादीतला पत्ता बदलण्याचा अर्ज, भरा. भाडेकरार जोडायचा तर तो नोंदणीकृत हवा. तो नसेल तर बँकेच्या पासबुकावर किंवा आधारवर नवा पत्ता करून घ्या, तेही चालतं. मग बीएलओ, म्हणजे तुमच्या मतदान केंद्राची यादी सांभाळणारे अधिकारी, घरी येऊन खात्री करतील, तेव्हा कुणीतरी घरात असू द्या.

प्रश्न: विधानसभेच्या यादीत माझं नाव नव्या पत्त्यावर आलंय. पण महापालिकेच्या प्रभाग यादीत नाहीच. असं कसं?

उत्तर: याच कारणाने बरेच जण मतदानाच्या दिवशी केंद्रावरून परत जातात, आणि ते पाहून फार वाईट वाटतं. महाराष्ट्रात स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण त्याची स्वतंत्र मतदार नोंदणी नसते. एक तारीख ठरते आणि त्या दिवशीची विधानसभेची यादी प्रभागांप्रमाणे विभागली जाते. २०२५ मध्ये स्थानिक निवडणुका लागल्या तेव्हा ती तारीख १ जुलै होती. तुमचं नाव ठरलेल्या तारखेनंतर चढलं असेल, तर ते या खेपेला येणार नाही.

त्या तारखेआधी चढलं असेल तर मात्र गप्प बसू नका. प्रारूप यादीवर हरकती मागवतात, तेव्हा लेखी हरकत द्या. विधानसभेच्या यादीतलं नाव गळलं असेल किंवा भलत्याच प्रभागात पडलं असेल, तर ते तिथे दुरुस्त होतं. एकाच सोसायटीच्या दोन विंग दोन प्रभागांत गेल्याचंही दिसतं, म्हणून शेजारच्या प्रभागाची यादीही चाळा. नवं नाव मात्र या टप्प्यावर घालता येत नाही. त्यामुळे सामान हलवलं की त्याच आठवड्यात अर्ज करा. निवडणूक जाहीर व्हायची वाट पाहू नका.

प्रश्न: गावी घर आहे, शेती आहे. ग्रामपंचायतीला तिथे आणि महापालिकेला इथे, अशी दोन्हीकडे नावं ठेवली तर?

उत्तर: चालणार नाही. गावाशी असलेली तुमची ओढ समजते, पण कायद्याने नाव एकाच मतदारसंघात राहतं. दुसरीकडे नाव नाही असं खोटं लिहून दिलंत, तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वर्षाचा बराच काळ जिथे राहता, तिथलं नाव ठेवा आणि दुसरं नमुना ७ भरून कमी करा.

प्रश्न: मुलगी शिकायला वसतिगृहात राहते. तिचं नाव कुठे घालायचं?

उत्तर: ते तिने ठरवायचं. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम किमान वर्षभराचा असेल, तर तिला घरचा पत्ता देता येतो किंवा वसतिगृहाचा. वसतिगृहाचा देणार असेल तर संस्थाप्रमुखांचा दाखला लागेल.