गेमच्या गजाली: मोठ्या क्लॅनमध्ये घुसायचं की आपला काढायचा?

प्रश्न: आम्ही सहा मित्र, सगळे फोंड्याचे, क्लॅश ऑफ क्लॅन्स हा मोबाइल गेम खेळतो. सगळ्यांचे टाउन हॉल (गावाची मुख्य इमारत, तिच्यावरून लेव्हल कळते) १० नाहीतर ११. दोघं म्हणतात आपला क्लॅन (खेळाडूंचा गट) काढूया, बाकीचे म्हणतात मोठ्या क्लॅनमध्ये जाऊया, तिथं वॉर (दोन क्लॅनची लढाई) तरी सतत असतं. रोज ह्याच्यावरून भांडण. काय करायचं?

उत्तर: अरे बाबा, क्लॅन काढायला काय, ४० हजार गोल्ड टाकलं की निघाला, तुमच्या लेव्हलला ते गोल्ड म्हणजे किरकोळ. नावावरून दोन दिवस जुंपेल तेवढंच. पण तुम्ही सहाही जण एकाच गावचे, एकाच वयाचे, खरी गोची तिथं आहे. परीक्षा एकदम, चवथीला सगळे आपापल्या मूळ घरी, गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायला, आरत्यांना, मग फोन कोण बघतो? पावसात लाइट गेली तरी सहाच्या सहा गायब. सगळ्यात लहान वॉर ५ विरुद्ध ५ चं, प्रत्येकाला दोन हल्ले, म्हणजे एकूण १०. एकानं दांडी मारली की दोन हल्ले गेले, आणि मग ग्रुपवर 'तू का नाही मारलंस' सुरू. तेच ३० जणांच्या वॉरमध्ये ६० हल्ले असतात, तुमचे दोन राहिले तर लीडर चिडेल पण वॉर बुडणार नाही.

दुसरं म्हणजे डोनेशन, क्लॅनमधल्यांनी एकमेकांना ट्रूप (सैनिक) देणं. तुम्ही सगळे साधारण एकाच लेव्हलचे, मग एकमेकांना देणार काय, तर आपल्याच लेव्हलचे ट्रूप. मोठ्या, जुन्या क्लॅनमध्ये वरचे टाउन हॉलवाले असतात, ते तुमच्या कॅसलला (मिळालेले ट्रूप ठेवायची इमारत) पेलतील तेवढे भारी ट्रूप देतात, शिवाय क्लॅन लेव्हल ५ झाला की मिळालेले ट्रूप आणखी एक लेव्हल वर जातात. वॉरमध्ये बचावाला कॅसल कसा भरलाय ह्याच्यावर बरंच अवलंबून असतं, ते तुम्हाला ठाऊकच असेल.

म्हणून माझं मत, आत्ता एखाद्या मोठ्या, जुन्या क्लॅनमध्येच जा, पण सहाही जण मिळून. एकदम सहा रिक्वेस्ट टाकू नका, लीडरला संशय येतो (आणि बरोबरच आहे, सहा जण एका रात्री आले तसे एका रात्री जातातही). आधी एकानं जाऊन बघावं. वॉर लॉग (झालेल्या वॉरची नोंद) उघडा असेल तर वाचा, मेंबरांच्या यादीत डोनेशनचे आकडे बघा. दोघंच हजारोंनी देतायत आणि बाकी सगळे नुसते घेतायत असं दिसलं तर तिथं थांबू नका, क्लॅनची लेव्हल कितीही असो. परीक्षेच्या वेळी वॉरची शिल्ड लाल करून ठेवली (म्हणजे वॉरमध्ये मी नाही) तर चालेल का, हे पहिल्याच दिवशी चॅटवर विचारून घ्या, काही लीडर त्यावरून सरळ क्लॅनमधून किक मारतात.

आपला क्लॅन काढायची हौस राहिलीच तर तिथं बाहेरगावचे चार-पाच नियमित खेळणारे हेरून ठेवा, नागपूरचा असो नाहीतर दुबईचा, आणि ते यायला तयार झाले तरच काढा. आणि को-लीडर सगळ्यांना करू नका रे, मित्र असले तरी. को-लीडरला मेंबर आणि एल्डर (मेंबरच्या वरची पायरी) दोघांनाही किक करता येतं, आणि तुमची भांडणं बघता पहिल्याच आठवड्यात कोण कोणाला काढेल ते मी आत्ताच सांगू शकतो.