सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) सगळ्यांसाठी खुलं असतं म्हणतात, मग गेटवर एवढी चौकशी का?

तुम्ही लिहिलंय की मुंबईत सिनेगॉग बघायला गेलात तर पोलिसांनी आधार कार्ड मागितलं, बॅग उघडायला लावली आणि तुम्हाला अपमान झाल्यासारखं वाटलं. वाटणारच. मी बेने इस्रायल, म्हणजे इथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातला आहे, दर शनिवारी आमच्या मशिदीच्या गेटवर उभा असतो (आमचे जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणतात), म्हणून सांगतो.

माझ्या लहानपणी गेटला कुलूप लागायचं ते फक्त रात्री. मलिदा (आमचा शुभकार्याचा प्रसाद) असला की शेजारच्या चाळीतली पोरं सरळ आत, पोहे-गूळ-ओलं खोबरं आणि वर केळ्याचा तुकडा, हातावर घेऊन पळायची. मग 2008 चा 26 नोव्हेंबर आला. कुलाब्याचं नरीमन हाउस म्हणजे कोणीही ज्यू प्रवासी यावा, जेवावा, राहावा असंच घर, तिथे रब्बी (ज्यू धर्मगुरू) गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का धरून सहा जण मारले गेले, त्यांचा दोन वर्षांचा मोशे वाचला तो त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युअल त्याला उचलून बाहेर पळाल्या म्हणून. तेव्हापासून आमच्याकडे बॅरिकेड, हवालदार आणि रजिस्टर.

आणि हे फक्त इथलंच नाही. जर्मनीत हाले शहरात 2019 ला योम किप्पूरला, म्हणजे आमच्या उपासाच्या सगळ्यात पवित्र दिवशी, बंदूकवाल्याला सिनेगॉगचं बंद दार फोडता आलं नाही म्हणून आतली माणसं वाचली, बाहेर मात्र दोघांचा जीव गेला. उलट टेक्सासच्या कॉलीव्हिलमध्ये जानेवारी 2022 मध्ये थंडीत आलेल्या अनोळखी माणसाला रब्बींनी आत घेऊन चहा दिला आणि त्यानेच पिस्तूल काढून चौघांना ओलीस धरलं. शेवटी रब्बींनी त्याच्यावर खुर्ची फेकली आणि आत उरलेले सगळे सुटले. चहा दिला ही त्यांची चूक होती असं मी कधीच म्हणणार नाही.

पण नुसतं दार आवळूनही चालत नाही हे आम्ही भोगलंय. एका शब्बाथला (शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवशी) आत नऊ पुरुष, मिनियानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या गटाला, दहा लागतात, दहाव्याची वाट बघतोय. तो दहावा गेटवरच उभा! आईच्या वर्षश्राद्धाचा कदिश (गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, तिलाही दहा जण लागतात) म्हणायला आलेले काका, शब्बाथ कडक पाळणारे, त्या दिवशी काही जवळ बाळगायचं नाही, म्हणजे खिशात ना ओळखपत्र ना फोन, आणि बदलीवर आलेला नवा हवालदार सोडेना. त्याने नेमून दिलेलं काम केलं, त्याच्यावर राग नाही. आम्हाला कळलं तोवर काका घरी निघून गेले होते आणि कदिश राहिला तो राहिलाच. ती जखम मला अजून दुखते.

म्हणून आता प्रार्थनेच्या वेळी हवालदाराच्या बाजूला आमच्यातलं एक माणूस असतंच, जे चेहरे ओळखतं, समोरच्याला नाव विचारून "या, बसा" म्हणतं. तपासणी तेवढीच होते, पण माणूस परत जात नाही. माझ्या मते हवालदार हवाच, पण गेट एकट्या त्याच्या अंगावर टाकणं हा आमचा आळस होता. शाळेची सहल, कॉलेजचा ग्रुप असेल तर आधी नावं घेतो आणि मग सेफेर तोराची (आमच्या हस्तलिखित धर्मग्रंथाची) पेटीसुद्धा लांबून दाखवतो.

तुम्ही परत नक्की या. एक दिवस आधी फोन करा, ओरिजिनल ओळखपत्र आणा, मोठी बॅग नको, शनिवार सकाळ आणि सण टाळा, पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी नसली तर आमच्याकडे मिळते. आणि गेटवर कोणी तुसडेपणा केला तर आतल्या माणसाला बोलवा म्हणा, आम्ही येतो.