सायगॉनला निघालीस, तर

पोरी,

तुझं पत्र आलं. नोकरी, पगार, घरभाडं यांवर दोन पानं आणि अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता विचारल्यासारखं, "ताई, तिकडे चोऱ्या फार होतात म्हणे, खरं का?" हे तुझ्या आईने विचारायला लावलं असणार. असू दे. चोऱ्या होतात हे खरं आहे. पण तुझी आई ज्या गोष्टीला घाबरतेय ती वेगळी आणि तिथे घडते ती वेगळी.

आधी आईसाठी. मी कपड्यांच्या कारखान्यांत माल तपासत सात वर्षं व्हिएतनाममधल्या सायगॉनमध्ये काढली. कागदोपत्री ते शहर १९७६ पासून हो ची मिन्ह सिटी आहे, तिथली माणसं मात्र बोलताना सायगॉनच म्हणतात. त्या सात वर्षांत मला कुणी सुरा दाखवला नाही, कुणी अंगचटीला आलं नाही. सामान्य माणसाला तिथे बंदूक बाळगता येत नाही. रात्री अकरा वाजता बायका फुटपाथवर बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून सूप ओरपत असतात. लोकलच्या एका फेरीत खाल्ले तेवढे धक्के मी तिथे वर्षभरात खाल्ले नाहीत. एवढं आईला वाचून दाखव. पुढचं फक्त तुझ्यासाठी.

आपल्या पेपरात एक बातमी असते बघ, पुणे असो की नाशिक, मजकूर तोच: दुचाकीवरून आलेल्या दोघांनी पादचारी महिलेच्या गळ्यातील मंगळसूत्र हिसकावले. सायगॉनची चोरी म्हणजे हीच बातमी. मंगळसूत्राच्या जागी फोन घाल किंवा पर्स. एक जण चालवतो, मागचा ओढतो, आणि तू वळून बघेपर्यंत ते हजारो दुचाक्यांत मिसळलेले असतात. त्यांच्या दंड संहितेत हिसकावून पळणं हा वेगळाच गुन्हा आहे, कलम १७१. साधी चोरी १७३ मध्ये आणि मारहाण करून लुटणं १६८ मध्ये. आपल्याकडे हिसकावण्याला स्वतःचं कलम २०२४ मध्ये न्याय संहिता लागू झाली तेव्हा मिळालं.

माझ्यावर ही पाळी दुसऱ्या वर्षी आली. संध्याकाळची वेळ, मी घराच्या गल्लीच्या तोंडाशी, खांद्यावरून तिरकी अडकवलेली स्लिंग बॅग. "तिरकी अडकवली की ओढता येत नाही" हे मला प्रत्येकाने सांगितलं होतं आणि ते खरं निघालं. बॅग ओढली गेलीच नाही, मी ओढली गेले. पट्टा तुटायला दोन-तीन सेकंद लागले असतील, तेवढ्या वेळात डाव्या कोपराची साल डांबरावर राहिली. त्यातही मी बॅगेचं तोंड घट्ट धरून ठेवलं होतं. काय होतं आत? टेप, कापडाचे नमुने, एक कंगवा, आपल्या हजारभर रुपयांइतके डाँग. तरी सोडवेना. माझी वस्तू कुणी ओढतंय म्हटल्यावर हाताने परस्पर ठरवून टाकलं होतं.

त्यानंतर मी एकच नियम केला. रस्त्यावर नेताना अंगावर असं काहीच ठेवायचं नाही, जे ओढलं गेलं तर मला सोडता येणार नाही. यात दोन गोष्टी आल्या. अंगाला बांधून टाकलेली वस्तू नको, आणि जीव गुंतलेली वस्तूही नको. फोन मनगटाला अडकवायची सुंदर दोरी तिथे प्रत्येक दुकानात मिळते. घेऊ नकोस. आजीने दिलेली चेन गळ्यात घालून येऊ नकोस. पासपोर्ट घरी कुलपात राहू दे, बरोबर त्याची झेरॉक्स आणि व्हिसाची प्रत. पैसे दोन खिशांत. बॅग लागतच असेल तर एका खांद्यावर, सैल. पट्टा सहज निसटेल अशी. तिथे नव्याने आलेले गोरे लोक याच्या अगदी उलट सांगतील. त्यांचं ऐकायचं तर ऐक, मी माझं कोपर दाखवीन.

एक गोष्ट आपल्या लोकांना कुणी सांगत नाही. तिथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. आपल्याला लहानपणापासून वाहनं डावीकडून चालायची सवय, तिथे सगळं आरशातल्यासारखं. उजव्या फुटपाथवरून चाललीस तर गाड्या तुझ्या पाठीमागून, डाव्या खांद्याजवळून येणार. म्हणून पर्स उजव्या खांद्यावर, दुकानांच्या बाजूला. जमेल तेव्हा डाव्या फुटपाथने चाल, म्हणजे गाड्या समोरून येताना दिसतात. आणि फुटपाथवर आहे म्हणजे बिनघोर आहे असंही नाही. ट्रॅफिक तुंबलं की दुचाक्या सरळ फुटपाथवर चढतात. २०२५ पासून त्यासाठी जबर दंड आहे, पण सवयीला दंड कळायला वेळ लागतो.

सगळ्यात धोक्याचा क्षण कोणता, तर ग्रॅबची, म्हणजे तिथल्या ओला-उबरची, वाट बघण्याचा. गाडी बोलावलीस, आता नंबर प्लेट जुळवायची म्हणून फोन समोर धरून फुटपाथच्या कडेला उभी राहिलीस. चोराला याहून सोपं काय हवं? दुकानाच्या आत उभी राहा, नंबरचे शेवटचे तीन आकडे पाठ कर, फोन खिशात टाक आणि मग बाहेर ये. नकाशा बघायचा तर भिंतीकडे तोंड करून. इमारतीचे रखवालदार, त्यांना 'बाओ वे' म्हणतात, परक्या माणसाला फोन हातात घेऊन उभं पाहिलं की हाताने खूण करतात, आत ठेव, आत ठेव. सुरुवातीला मला ते खेकसल्यासारखं वाटायचं. टेटच्या, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाच्या, आधीच्या आठवड्यांत ही खूण जास्त वेळा दिसते. सणाला पैसा चोरालाही लागतो, असं माझी घरमालकीण म्हणायची.

फोन गेला की खरा त्रास फोनचा नसतो. आपल्या बँकेचा ओटीपी त्याच फोनातल्या भारतीय नंबरवर येत असतो, आणि तो नंबर गेला की तू स्वतःच्याच खात्याच्या दाराबाहेर. म्हणून भारतातलं सिम एका जुन्या फोनमध्ये घालून घरी ठेव, बाहेर फिरायला तिथलं सिम आणि साधा फोन. दोन्ही सिमना पिन लाव. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, कागदावर लिहून ठेव, खरोखरच्या कागदावर.

आता फसवणुकीबद्दल थोडं. त्यात जीव जात नाही, फक्त चिडचिड होते. तान सोन न्यात विमानतळाबाहेर "ग्रॅब, ग्रॅब" म्हणत जो माणूस तुझ्याकडे येतो तो ग्रॅबचा नसतो. खरा ग्रॅबवाला अ‍ॅपमध्ये दिसतो, हाका मारत नाही. विनासन आणि माय लिन्ह या टॅक्स्या चांगल्या, पण त्यांच्यासारखेच रंग आणि जवळपास तसंच नाव लावलेल्या नकली गाड्याही फिरतात, स्पेलिंग नीट वाच. खांद्यावर कावड घेतलेला नारळवाला "धरून बघ, फोटो काढ" म्हणाला तर धरू नकोस. धरलीस की नारळ फुटलेला असतो, आणि पैसे तुझ्याकडून. बागेत एखादी हसतमुख बाई येऊन "तू भारताची? माझी बहीण मुंबईला नर्सिंग शिकायला चालली आहे, घरी जेवायला ये" म्हणाली तर जेवणानंतर पत्त्यांचा डाव असतो आणि त्या डावात तुलाच हरायचं असतं. बुई विएनला, तिथल्या दारूच्या दुकानांच्या गल्लीत, मैत्रिणींबरोबर जा, बिल आधी विचार, आणि फुगे विकणाऱ्यांपासून लांब राहा. त्यात नशेचा वायू असतो, २०२५ पासून त्यावर बंदी आहे. ई-सिगरेटवरही. ड्रग्जच्या वाटेला चुकूनसुद्धा कुणी जाऊ नये, त्या देशात त्यासाठी मृत्युदंडापर्यंतची शिक्षा आहे.

नोटा मात्र आधी ओळखून घे. दहा हजार आणि त्यावरच्या सगळ्या प्लास्टिकसारख्या गुळगुळीत, सगळ्यांवर हो ची मिन्ह. वीस हजारची निळी आणि पाच लाखाचीही निळसर. अंधाऱ्या टॅक्सीत दोन्ही सारख्याच दिसतात, आणि एकीची किंमत सत्तर रुपयांच्या आसपास, दुसरीची सोळाशेच्या वर. मी पाच लाखाच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवायचे. शिवाय बोलताना ते मागचे 'हजार' गिळतात. "पन्नास" म्हणजे पन्नास हजार. सायकलरिक्षावाला मात्र पन्नास म्हणून उतरताना पाच लाख मागू शकतो, म्हणून बसण्याआधी आकडा कागदावर, सगळ्या शून्यांसकट.

आणि एवढ्या चोरांच्या गोष्टी सांगूनही मला तुझी खरी काळजी वाटते ती ट्रॅफिकची. रस्ता ओलांडताना धावायचं नाही, थबकायचं नाही, मागे तर अजिबात यायचं नाही. एका संथ गतीने चालत राहायचं, दुचाक्या पाण्यासारख्या तुझ्या दोन्ही बाजूंनी वळून जातात. त्यांनी तुझा वेग धरलेला असतो, तो तू मोडायचा नाही. बस आणि ट्रक यांना हा नियम लागू नाही, त्यांना जाऊ दे. स्कूटर घ्यायचा मोह पहिल्या महिन्यात होईल. भारतात मिळतं ते आंतरराष्ट्रीय लायसन्स १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचं, व्हिएतनाम मानतो ते १९६८ च्या व्हिएन्ना कराराचं. म्हणजे तुझं लायसन्स तिथे कागद आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारील. शहराच्या मध्यावरच्या बेन थान बाजारापासून सुओई तिएनपर्यंत २२ डिसेंबर २०२४ पासून मेट्रो आहे. घर तिच्याजवळ मिळालं तर बघ.

चोरी झालीच तर पाठलाग करू नकोस. सायगॉनमध्ये चोरांचा पाठलाग करणारे हौशी तरुण आहेत, लोक त्यांना 'हिएप सी', रस्त्यावरचे शूरवीर, म्हणतात. स्थानिक माणसं, गल्ली न् गल्ली पाठ. मे २०१८ मध्ये काच मांग थांग ताम रस्त्यावर स्कूटरचोरांना अडवताना त्यांच्यातले दोघे भोसकले जाऊन जिवानिशी गेले. रोज हेच करणाऱ्यांची ती गत, तू तर पाहुणी. पाठमोरा चोर निरुपद्रवी असतो, कोंडलेला नसतो.

पोलिसांचा नंबर ११३, रुग्णवाहिका ११५. तक्रार वॉर्डाच्या चौकीत होते आणि सगळं व्हिएतनामीत लिहावं लागतं, म्हणून ऑफिसमधलं कुणी बरोबर ने. फोन परत मिळेल या आशेने जाऊ नकोस, कागदासाठी जा. विम्याला तो कागद लागतो. पासपोर्ट गेला असेल तर आपल्या वकिलातीलाही तोच लागतो, आणि तिथून तात्पुरता दाखला मिळाल्यावर देश सोडायला वेगळा एक्झिट व्हिसा काढावा लागतो. यात दिवस जातात. अजून एक. घरमालकाने तुझी राहण्याची नोंद पोलिसांत केली आहे ना, हे पहिल्या दिवशी विचार. कर वाचवायला काही जण ती करत नाहीत, आणि मग तक्रार द्यायला गेलेल्या भाडेकरूलाच पहिले चार प्रश्न विचारले जातात.

घर बघताना मला विचारशील तर बंद कंपाउंडच्या उंच इमारतीपेक्षा 'हेम'मध्ये बघ. हेम म्हणजे बोळ. तोंडाशी कॉफीवाली, मधे सूपवाला, दारात बसलेल्या आज्या. आपल्या चाळीत जसा परका माणूस जिना चढायच्या आत सगळ्या मजल्यांना कळायचा, तसंच. आणि त्यांची भाषा आपल्याला सोयीची आहे. 'तू' आणि 'मी' म्हणायच्या ऐवजी ते नातं वापरतात. मोठ्या बाईला 'ची', म्हणजे ताई, त्याहून मोठीला 'को', मावशी म्हण वा आत्या. नाव माहीत नसलं तरी चालतं. पहिल्याच आठवड्यात कॉफीवालीला 'ची' म्हणून हाक मार, रोज एकाच जागी बसून कॉफी पी. शनिवारी बेन थानच्या मागच्या मारिअम्मन देवळात जाऊन आलीस तर येताना तिच्यासाठी फुलं आण, त्या देवीला व्हिएतनामी बायकाही येतात.

माझं कोपर धुतलं ते अशाच एका कॉफीवालीने. मी डांबरावर बसलेली, ती "चोय ओई, चोय ओई" करत धावत आली. बर्फाच्या पाण्याने जखम धुतली, स्वतःच्या टोपीने वारा घातला, आणि मग घशाला कोरड पडेस्तोवर मला ओरडली. शब्द कळत नव्हते, पण बॅग धरून ठेवल्याबद्दल ओरडत होती एवढं हातवाऱ्यांवरून कळलं. कॉफीचे पैसे तिने त्या दिवशी घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र दोन्ही दिवसांचे घेतले.

त्या बोळाचा पत्ता वेगळ्या कागदावर लिहून पाठवतेय. माझं नाव तिला कधी नीट घेता आलं नाही, 'ची अन दो' म्हणायची मला, भारतातली ताई. तेच सांग, आणि बाही वर करून डावं कोपर दाखव. ओळखेल ती.

तुझी,
ताई