वाचकांचे प्रश्न : एपोनाच्या घोड्याला रिकीब नको

प्रश्न : एपोना या सेल्टिक अश्वदेवतेवर मी डिजिटल पोस्टर केलं आहे. पार्श्वभूमीला न्यूग्रेंजचं तिहेरी सर्पिल, चौकटीला सेल्टिक नॉट आणि अंगावर हिरवट कांस्याचे दागिने. सरांचं म्हणणं, यात काळाची सरमिसळ झाली आहे. नेमकं काय काढू आणि काय ठेवू? (उपयोजित कलेची विद्यार्थिनी, पुणे)

सर बरोबर सांगताहेत. न्यूग्रेंजची कबर इ.स.पू. 3200च्या सुमाराची आहे, म्हणजे ज्यांना आपण सेल्ट म्हणतो त्यांच्या कितीतरी आधीची. एकमेकांत गुंफलेल्या पट्ट्यांची नॉटनक्षी बहरली ती इ.स.च्या सातव्या-आठव्या शतकांत, ख्रिस्ती मठांतल्या हस्तलिखितांत. ‘बुक ऑफ केल्स’ साधारण इ.स. 800चं. एपोनाची शिल्पं या दोन्हींच्या मधली, रोमन अमलाखालच्या गॉलमधली (आजचा फ्रान्स आणि आसपासचा प्रदेश). म्हणून सर्पिल आणि नॉट, दोन्ही काढा.

त्यांच्या जागी सेल्टांची ला तेन शैली घ्या. स्वित्झर्लंडमधल्या नशातेल सरोवराकाठच्या ठिकाणावरून हे नाव पडलं. ही शैली इ.स.पू. 450च्या सुमारास सुरू झाली. पाहण्यासाठी दोन वस्तू पुरेशा आहेत : थेम्स नदीत सापडलेली बॅटर्सी ढाल आणि डेझबरोचा कांस्य-आरसा. दोन्ही ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. या शैलीत रेषेची जाडी कधीच एकसारखी नसते. वळण फुगत जातं, तुतारीच्या तोंडासारखं उघडतं आणि टोकाला निमुळतं होतं. ब्रशने हे जमत नाही, थरथर दिसते. इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळ्या त्रिज्यांची वर्तुळं एकमेकांना आतून स्पर्श करतील अशी ठेवा आणि ‘डिफरन्स’ने एकातून दुसरं वजा करा. उरलेली चंद्रकोर हा तुमचा मूळ आकार. 100 आणि 70 पिक्सेल त्रिज्येपासून सुरुवात करा. आरशावर नक्षीची जागा चटईविणीसारख्या बारीक रेघांनी भरली आहे. शेजारशेजारच्या छोट्या चौकोनांत रेघांची दिशा 90 अंशांनी फिरवली की तो पोत येतो.

आता खुद्द एपोना. ती घोडीवर एका बाजूला पाय सोडून बसलेली असते, नाहीतर दोन घोड्यांच्या मधे आसनावर. सोबत बरेचदा शिंगरू, हातात फळांची टोपली किंवा उथळ पात्र. तलवार तिच्याकडे नसते. रिकीबही (पाय ठेवायची कडी) नको, कारण ती युरोपात आली अनेक शतकांनी. घोडी लहान चणीची काढा. खांद्यापाशी 125 सें.मी. धरली, तर 155 सें.मी. उंचीच्या बाईच्या छातीपर्यंत घोडीची पाठ येते. आजच्या शर्यतीच्या घोड्याचा फोटो समोर ठेवला की हे प्रमाण हमखास बिघडतं.

दागिन्यांचा हिरवा रंग तर काढाच. तो जमिनीत शतकं काढल्यावर चढतो. वापरातलं, घासलेलं कांस्य सोनेरी-तपकिरी असतं. एचएसबी (रंगछटा-तीव्रता-उजळपणा) मूल्यं अशी धरा : सावली 25-75-25, मध्यछटा 36-65-65, चमक 45-30-97. धातू दिसत नाही, नुसता पिवळा रंग दिसतो, अशी तक्रार असेल तर मध्यछटा फार पसरलेली असते. सावली आणि चमक अगदी शेजारी आणा, मधली कड तीक्ष्ण ठेवा.

प्रश्न : हस्तलिखितांसारखी नॉटची चौकट काढताना मधेच दोन पट्ट्या सलग ‘वर’ येतात आणि सगळं फिसकटतं. एआयकडून करून घेतली तर पट्ट्या कुठेतरी विरघळूनच जातात. (सांगली)

एआयचा नाद इथे सोडा. अशी चित्रं नॉटचा पोत उचलतात, पट्टी कुठून कुठे गेली याचा हिशोब ठेवत नाहीत. ठिपक्यांची रांगोळी येणाऱ्याला मात्र ही गोष्ट अवघड नाही, कारण इथेही आधी जाळी आणि मग रेषा.

120 पिक्सेलच्या चौरसांची जाळी आखा. प्रत्येक चौरसाच्या बाजूंचे मध्यबिंदू 45 अंशांच्या रेषांनी जोडा. आतल्या बाजूंवर रेषा एकमेकींना छेदतील, बाहेरच्या कडेवर आपटून परततील. अशी सलग वीण किती पट्ट्यांची झाली, हे स्तंभ आणि ओळी यांच्या मसाविवरून कळतं. 8×5 जाळीत मसावि 1, म्हणून एकच अखंड पट्टी. 9×6 मध्ये 3, म्हणून तीन. तीन देवींच्या चित्राला ही जाळी सोयीची, तिन्ही पट्ट्यांना वेगळे रंग देता येतात.

नुसती वीण कंटाळवाणी दिसते. तिला नॉट करतात ते ‘तोड’. एखाद्या छेदावर छोटी भिंत आहे असं मानायचं आणि दोन्ही रेषांना तिथून परतवायचं. भिंत चौरसाच्या त्या बाजूवरून घ्या किंवा तिला काटकोनात. मात्र पट्ट्यांची संख्या त्याने बदलू शकते. दोन वेगळ्या पट्ट्यांच्या छेदावर तोड दिली तर त्या जोडल्या जाऊन एक होतात. एकाच पट्टीने स्वतःला छेदलं असेल तिथे दिली, तर ती दुभंगू शकते. म्हणून दर तोडीनंतर एका बिंदूपासून निघून पट्टी पूर्ण फिरून पाहा.

आता तुमची अडचण. वर-खाली मनात मोजत जाऊ नका. जाळीच्या उभ्या बाजूवरच्या छेदात उजवीकडे चढणारी पट्टी वर, आडव्या बाजूवरच्या छेदात डावीकडे चढणारी वर. सगळीकडे हा एकच नियम. तोडी कितीही दिल्या तरी वर-खाली आपोआप आलटून-पालटून येतं. तरीही बिघडलं तर दोष नियमात नसतो, रेखाटनात असतो : एखादी रेषा अधांतरी सुटली आहे, तीन रेषा एका बिंदूत आल्या आहेत, किंवा दोन रेषा छेदण्याऐवजी नुसत्या टेकल्या आहेत.

रंगवताना समांतर पट्ट्यांच्या मध्यरेषांत 85 पिक्सेल अंतर मिळतं. आधी सगळ्या मध्यरेषांवर 62 पिक्सेलची गडद रेघ, वरच्या लेयरवर 50ची फिकट. यामुळे छेदांवरच्या कडा नाहीशा होतील. मग प्रत्येक छेदावर वरच्या पट्टीचा तुकडा पुन्हा ठेवा : गडद 70 लांब, त्यावर फिकट 80 लांब. फिकट तुकडा आखूड राहिला तर पट्टीवर आडवी काळी रेघ उमटते. ब्रशचं दाबानुसार जाड-बारीक होणं बंद ठेवायला विसरू नका.

प्रश्न : प्रोक्रिएट या चित्रकला-ॲपमध्ये तीन हातांचं ट्रिस्केल काढताना सिमेट्रीचा पर्याय सापडत नाही. (डोंबिवली)

त्यातली रेडियल सिमेट्री आठ भागांची आहे, तीन भागांची सोय नाही. एक हात काढा, लेयरच्या दोन प्रती करा, एक 120 अंशांनी फिरवा, दुसरी 240. फिरवताना हात जागचा हलतो, कारण फिरण्याचा मध्य हा त्या लेयरवरच्या आकाराचा मध्य असतो, कॅनव्हासचा नव्हे. म्हणून प्रती करण्याआधी त्याच लेयरवर पूर्ण आकृतीला वेढणारं वर्तुळ काढून ठेवा, शेवटी पुसा. एकच प्रत पुन्हा पुन्हा फिरवली की दर खेपेला कडा धूसर होतात. दोन्ही प्रती मूळ हातावरूनच घ्या. क्रिटा या दुसऱ्या चित्रकला-ॲपमध्ये मल्टिब्रश टूलचा सिमेट्री प्रकार घेऊन संख्या 3 दिली की काम झालं.

प्रश्न : मॉरिगन या युद्धदेवतेचं चित्र करतो आहे. कावळा, काळा झगा, धुकं... सगळ्यांसारखंच दिसतं. (मडगाव)

कावळ्यापासूनच सुरुवात करू. आयर्लंडमध्ये सर्रास दिसतो तो हूडेड क्रो : पाठ आणि पोट राखाडी, डोकं, पंख व शेपूट काळी. आपल्या दारातल्या गावकावळ्याची राखाडी छटा मान आणि छातीपुरती असते. अंगणातल्या कावळ्याचे फोटो संदर्भाला घेतले तर पक्षी गोव्याचाच वाटेल.

पण कावळ्याहून मोठा ऐवज जुन्या आयरिश कथांत आहे. ‘ताइन बो कूल्न्या’ या कथेत तिचा नायक कूखुलिन लढत असताना मॉरिगन आधी ईल मासा होऊन त्याच्या पायांना वेढा घालते, मग करडी लांडगीण होऊन येते, मग बिनशिंगांची तांबडी कालवड होऊन. तो ईलच्या बरगड्या मोडतो, लांडगिणीचा डोळा फोडतो, कालवडीचा पाय मोडतो. पुढे एक म्हातारी तीन सडांच्या गाईचं दूध काढताना त्याला भेटते. तो तीनदा दूध पितो, तीनदा आशीर्वाद देतो आणि तिच्या तिन्ही जखमा भरतात. तीन चित्रफलकांचा विषय आयता मिळाला. तिन्ही फलकांत जखमेची जागा एकाच क्षैतिज रेषेवर ठेवा, म्हणजे नजर तिच्यावरून सरकत जाईल.

काळा झगाही सोडता येईल. दुसऱ्या एका कथेत ती तांबड्या भुवयांची, तांबडा अंगरखा घातलेली, रथात बसून येते. रथाला एक पायाचा तांबडा घोडा आणि रथाची दांडी त्याच्या अंगातून आरपार गेलेली. याहून विचित्र दृश्य आपण कल्पनेने रचू शकणार नाही. सगळं तांबडं म्हटल्यावर आकार एकमेकांत मिसळतील. त्यासाठी आधी फक्त करड्या चार छटांत चित्र पूर्ण करा, ते वाचता आलं तरच रंग चढवा.

प्रश्न : आयरिश देवी ब्रिगिड दिसायला कशी होती? (मराठी वाचक, डब्लिन)

वर्णन हाती नाही. इ.स. 900च्या सुमाराच्या कॉर्मकच्या शब्दकोशात दाग्दा या देवाच्या तीन मुलींना हे एकच नाव आहे : एक कवींची, एक वैद्यकाची, एक लोहारकामाची. चेहरा तुमच्या मनाचा, पण तिघींची कामं हातांतून दिसू द्या. लव्हाळ्याचा ब्रिगिड-क्रॉस वापरायचा तर त्याची वीण चार हातांची, एकाच दिशेने फिरती आहे. ‘फ्लिप’ करू नका, 90 अंशांनी फिरवा. आरशातली प्रत घेतली की वीण उलटी होते.

प्रश्न : स्क्रीनवरचा झळाळता हिरवा छपाईत मळकट का होतो? (नागपूर)

तो हिरवा शाईच्या आवाक्यात नसतो. क्रिटा आणि फोटोशॉप, दोन्हींत कंट्रोल-वायने सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाईत रंग कसे येतील याचा अंदाज, दिसतं. त्याआधी छापखान्याकडून त्यांचा सीएमवायके प्रोफाइल (त्यांच्या चार शाईंची रंगमाहिती असलेली फाइल) मागून घ्या. तेज हवं असेल तर हिरव्याची तीव्रता वाढवू नका, भोवतालचं गडद करा. ए-3साठी चारही बाजूंना 3 मि.मी. ब्लीड (कापताना जाणारी जास्तीची कड) धरून 300 डीपीआयला कॅनव्हास 3579×5032 पिक्सेलचा लागेल. तो सुरुवातीलाच घ्या, नंतर मोठा केला तर कडा फुटतात.

प्रश्न : संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचा फोटो चित्रात वापरून प्रिंट विकता येईल का? (कोल्हापूर)

वस्तू दोन हजार वर्षांची असली तरी फोटोला स्वतंत्र हक्क असू शकतो. ब्रिटिश म्युझियम बहुतेक प्रतिमा अव्यावसायिक परवान्याने देतं, त्या विक्रीसाठी चालत नाहीत. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयातल्या ‘ओपन ॲक्सेस’ खूण असलेल्या प्रतिमा चालतात. फोटो पाहून स्वतः केलेलं नवं रेखाटन सहसा अडचणीत येत नाही. फोटो ट्रेस करून किंवा त्याचा पोत उचलून लेयरवर चिकटवलात तर मात्र परवाना आधी वाचा.