रापी आणि डावा हात
प्रश्न : आमचा चपला बनवण्याचा व्यवसाय आहे. रापीने चामडे कापताना डाव्या हाताला वारंवार जखमा होतात. कोणते हातमोजे वापरावेत? – एक वाचक, सुभाषनगर, कोल्हापूर

उत्तर : चामडे दाबून धरणाऱ्या डाव्या हातात, बोटांना घट्ट बसणारा, काप रोखणाऱ्या धाग्याने विणलेला मोजा घालावा, त्यावरील ‘ईएन ३८८’ या हातमोज्यांच्या युरोपीय मानकाच्या खुणेखाली चार अंक आणि नंतर ए ते एफपैकी एक अक्षर असते, ते काप रोखण्याची क्षमता सांगते व त्यात एफ सर्वांत वरचे. मात्र चामड्याला भोके पाडणाऱ्या आरीचे टोक विणीच्या फटीतून सहज आत शिरते, म्हणून टोचण्यापासून या मोज्याचा भरवसा धरू नये. फिरत्या पॉलिशच्या चाकाजवळ मोजा अवश्य काढावा, कारण तो अडकला तर हातच ओढला जातो.