तिसरा फॉर्म कोणासाठी?

प्रश्न : मुलगी नीटला दोनदा बसली, पण एमबीबीएसइतके गुण आले नाहीत. आता म्हणते, प्राणीशास्त्र घेऊन प्राणिसंग्रहालयात काम करणार. सुट्टीच्या दिवशी वही घेऊन कमाटीबागेतल्या प्राणिसंग्रहालयात बसते. मी तिला न सांगता नीटचा फॉर्म पुन्हा भरलाय. पिंजरे झाडायला का तिला एबी ग्रुप (गणित आणि जीवशास्त्र दोन्ही) घेऊ दिला? हे खूळ कसं काढावं?
– एक पालक, दांडिया बाजार, वडोदरा

नमस्कार. गुणांचं सोडा, मला काळजी वाटली ती त्या फॉर्मची. मुलगी सज्ञान आहे आणि तिच्या नावाने तुम्ही परस्पर अर्ज भरता? हॉलतिकीट आल्यावर तिला कळणारच. मग पुढे कुठलीही गोष्ट ती तुम्हाला आधी सांगेल, ही आशा सोडा. शिवाय त्या वहीत ती काय लिहिते, हे अख्ख्या पत्रात नाही. विचारलंत का कधी?

आता ‘पिंजरे झाडणं’. अरबी ओरिक्स हे वाळवंटातलं हरिण 1972 मध्ये रानातून संपलं. त्याआधीच, 1963 पासून, अमेरिकेतल्या फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात नऊ जनावरांपासून कळप वाढवायला घेतला होता, म्हणून 1982 मध्ये ओमानच्या वाळवंटात पुन्हा ओरिक्स सोडता आले. (तिथे पुढे परत चोरटी शिकार झाली. ती थांबवणं प्राणिसंग्रहालयाच्या हातात नाही.) इतक्या थोड्या जनावरांतून कळप उभा करायचा तर भावंडांचा जोड लागू नये म्हणून प्रत्येकाचे आईबाप, जन्म, मृत्यू, बदली अशी सगळी नोंद लागते. या वंशावळीच्या नोंदवहीला स्टडबुक म्हणतात. लाल पांडाचं जागतिक स्टडबुक नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला ठेवलं जातं. आपल्या दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयात वाढलेल्या लाल पांडाच्या दोन माद्या 2003 मध्ये सिंगालीलाच्या जंगलात सोडल्या होत्या. नोंद चुकली तर काय होतं, ते गुजरातच्या माणसाला मी काय सांगावं? अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांनी आशियाई म्हणून जपलेल्या सिंहांत आफ्रिकन रक्त निघालं आणि त्यांचा तो प्रजनन कार्यक्रम गुंडाळावा लागला.

तरीही मुलीने ऐकावं असं एक आहे. आपल्याकडे या कामाच्या जागा मोजक्या आहेत, महापालिकेची भरती कधी निघेल याचा नेम नाही, आणि नुसत्या बीएस्सी झूऑलॉजीवर तिथवर पोचणं कठीण. जनावरांवर उपचार करायचे असतील तर बीव्हीएस्सी, म्हणजे पुन्हा नीटच, पण मग ती तिने ठरवून द्यावी. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेची एमएस्सी पदवीनंतर.

मी मात्र तिला तिसरीकडे वळवेन. तिच्याकडे गणित आहे. कोणाची जोडी कोणाशी लावायची, शंभर वर्षांनी कळपात किती आनुवंशिक वैविध्य उरेल, हे सगळं आकडेमोडीने ठरतं. तुमच्याच वडोदऱ्यातल्या एम. एस. युनिव्हर्सिटीत संख्याशास्त्र आहे, ते घ्यावं आणि जोडीला आनुवंशशास्त्र वाचावं. प्राणिसंग्रहालयात जागा नाही मिळाली तरी संख्याशास्त्राच्या पदवीवर दुसरीकडे काम मिळतं, ही तुमच्यासाठी सोय.

फॉर्मचं आज रात्री जेवताना सांगा. ती चिडेल, चिडू द्या. नको म्हणाली तर फी बुडाली असं समजा. पुढचं पत्र तिनेच लिहावं आणि एवढंच कळवावं : तिला जनावराला हात लावायचाय, की त्याच्या नोंदी ठेवायच्यात?