डेबिट कार्डवरून एकाच साडीचे पैसे दोनदा गेले. दुकानदार म्हणतो बँकेत जा, बँक म्हणते दुकानदाराला विचारा. काय करू?

महाद्वार रोडवरच्या दुकानात मशीन अडकलं, कार्ड पुन्हा टॅप केलं आणि ३,४५० रुपये दोनदा गेले, असं तुम्ही लिहिलंय. दुकानदार खोटं बोलतोय असं लगेच धरू नका. कार्डाचे पैसे त्याच्या खात्यात दिवसभराचे एकत्र, चार्ज वजा होऊन पडतात. खातं बघून त्याला तुमची जादा रक्कम ओळखूच येत नाही.

म्हणून आधी स्टेटमेंट काढा. दोन्ही नोंदींसमोर बारा आकडी आरआरएन, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, असतो. नसला तर शाखेतून मागून घ्या. दोन्हीकडे तोच नंबर असेल तर गोंधळ बँकेच्या नोंदीत आहे, दुकानाकडे फिरकायचं कारण नाही. नंबर वेगळे असतील तर दुकानात जा, पण "पैसे आले का?" असं विचारू नका. त्या दिवशीचा बॅचचा तपशील, म्हणजे मशीनवर झालेल्या सगळ्या व्यवहारांची यादी, मशीनवरून किंवा मशीन देणाऱ्या कंपनीच्या ॲपवरून काढायला सांगा आणि त्यात तुमचे दोन्ही आरआरएन शोधा.

एकच सापडला, तर दुसरी रक्कम दुकानात पोचलेलीच नाही. तुमच्या बँकेनं मंजुरी दिली, पण उत्तर मशीनपर्यंत आलं नाही आणि पावती निघाली नाही. अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी, सुट्ट्या धरून. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे, आणि ती न मागता जमा करायची असते. प्रत्यक्षात मागावी लागते, तेव्हा बँकेला द्यायच्या अर्जात हा नियम लिहाच.

दोन्ही सापडले, तर पैसे दुकानाकडेच गेलेत. इथं पाच दिवसांचा नियम लागू होत नाही, कारण बँकेच्या लेखी दोन्ही व्यवहार यशस्वी आहेत. बरेच जण इथंच फसतात, नुसती वाट बघत बसतात. बॅच सेटल व्हायच्या, म्हणजे त्या दिवसाचा हिशोब मिटून पैसे दुकानाकडे जायच्या, आधी दुकानदार मशीनवरूनच व्यवहार 'व्हॉइड' म्हणजे रद्द करू शकतो. सेटल झाल्यावर त्याला रिफंड टाकावा लागतो आणि तो यायला काही दिवस जातात. तो त्याच कार्डावर घ्या. रोख घेतलीत तर बिलावर तसं लिहून सही करून द्या आणि बँकेतली तक्रार मागे घ्या, नाहीतर दुकानदाराला दुप्पट भुर्दंड.

दुकानदार दाद देत नसेल तर तुमच्या बँकेत चार्जबॅकचा, म्हणजे बँकेमार्फत दुकानाकडून पैसे परत मागण्याचा, लेखी अर्ज द्या. कारण 'एकाच खरेदीची दोनदा वजावट' असं लिहा. 'फसवणूक' किंवा 'अनधिकृत व्यवहार' हा पर्याय निवडू नका: कार्ड ब्लॉक होतं, आणि कार्ड तुम्हीच वापरलेलं असल्यानं दावा फेटाळला जाऊ शकतो. सोबत एकच बिल, स्टेटमेंट आणि बॅचचा तपशील मिळाला तर तो जोडा. पावतीचे फोटो आजच काढा, तो कागद हळूहळू पांढरा पडतो. चार्जबॅकला मुदत असते, "बघू पुढच्या महिन्यात" नको. कार्ड आपल्याकडच्या एखाद्या सहकारी बँकेचं असेल तर शाखा अर्ज मुख्य कार्यालयाकडे पाठवते, वेळ जास्त लागतो. तोंडी आश्वासनावर न थांबता पोच आणि तक्रार क्रमांक घ्या.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर, म्हणजे तिच्या तक्रारींच्या वेबसाइटवर, तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री नंबर आहे.

आणि कस्टमर केअरचा नंबर कार्डाच्या मागचाच वापरा, इंटरनेटवर शोधलेला नको. पैसे परत येताना ओटीपी, पिन किंवा स्क्रीन शेअरिंगचं ॲप लागत नाही. कुणी मागितलं, तर तिथंच फोन ठेवा.